‘एकदा भरून काढतो, मग कायमचं बंद’

सांगली जिल्ह्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा सारांश देते.

यजमान एका कारखान्यात अकाउंट्स बघतात. वय 38. दारू नाही, तंबाखू नाही, मुलाचा अभ्यास स्वतः घेतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वीस हजार घालून त्यांनी शेअर घ्यायला सुरुवात केली, वर्षभरात ते दुप्पट झाले. मग कुणाचं तरी बघून ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे शेअर न घेता ठरलेल्या मुदतीत भाव वर जाईल की खाली यावर केलेले सौदे. एका गुरुवारी दुपारच्या तासाभरात चाळीस हजार आले, घरात नवा फ्रीज आला. त्यानंतर पैसे जायला लागले. पीएफमधून काढलेले, पर्सनल लोन, मोबाइल ॲपवरची दोन कर्जं, एका मित्राचे दीड लाख असे मिळून बाईंना ठाऊक असलेला आकडा 14 लाखांचा आहे. गेल्या दिवाळीत सगळं उघडकीला आलं. यजमान रडले, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बाईंच्या भावाने चार लाख देऊन ॲपवाल्यांची आणि मित्राची देणी मिटवली. फेब्रुवारीत पुन्हा सुरू झालं. आता यजमान म्हणतात, तुझं अकरा तोळे सोनं तारण ठेवू, मुद्दल तेवढं भरून काढतो, मग कायमचं बंद. सासरे सूतगिरणीत होते आणि मटका खेळायचे. पगाराच्या दिवशी सासूबाई गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. यजमानांना त्या आठवणींचा इतका तिटकारा आहे की घरात मटक्याचं नाव काढलेलं चालत नाही. ‘हा जुगार नाही, यात अभ्यास लागतो,’ असं ते सांगतात.

बाई विचारतात: सोनं द्यावं का? हा खरंच जुगार आहे का? एवढ्या सरळ माणसाचा मनावर ताबा का राहत नाही? आणि हे सासू-सासऱ्यांच्या कानावर घालावं का?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सोन्याची मागणी आत्ता होते आहे. देऊ नका. तारण ठेवू नका, मोडू नका, ‘तीनच महिन्यांसाठी’ असं म्हटलं तरी नको.

कारण सांगते. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, की 14 लाख परत आले तर यजमान थांबतील. ते तसं म्हणतात, आणि म्हणताना खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. पण तुम्हीच दिलेला क्रम बघा. दिवाळीत ॲपवाल्यांचे फोन थांबले, मित्राचे पैसे फिटले. देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे ते खेळत असते तर तेव्हाच हात आखडता घेतला असता. तगादा संपला, तरी तीन-चार महिन्यांत पुन्हा सुरुवात झाली. म्हणजे टोचत होतं ते देणं नव्हतं. ‘माझे इतके गेले’ हे होतं, आणि ते तुमच्या भावाच्या चार लाखांनी कमी होणारं नव्हतं.

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक साधा प्रश्न लोकांपुढे ठेवला. 3,000 नक्की मिळणार आहेत, किंवा 4,000 मिळण्याची 80 टक्के शक्यता आहे, काय घ्याल? दहातल्या आठांनी नक्की मिळणारे 3,000 घेतले. मग तोच प्रश्न उलटा केला. 3,000 नक्की जाणार आहेत, किंवा 80 टक्के शक्यता आहे की 4,000 जातील, पण न जाण्याचीही 20 टक्के शक्यता आहे, काय पत्कराल? आता 92 टक्के लोक दुसरीकडे वळले. माणसं तीच, रकमा त्याच. मिळण्याची गोष्ट होती तोवर शहाणी वागली आणि जाण्याची गोष्ट आली तशी धाडसी झाली. त्याच निबंधात त्यांनी म्हटलं आहे की ज्याने झालेला तोटा मनाने स्वीकारलेला नाही, तो एरवी कधी हात लावला नसता असा जुगारही पत्करेल. यजमान आज नेमके त्या जागी उभे आहेत. 2020 मध्ये बायकोचं सोनं गहाण ठेवून ऑप्शन खेळायचे का, असं कुणी विचारलं असतं, तर त्याला त्यांनी घराबाहेर काढलं असतं.

आता असंही धरू की नशिबाने तीन महिन्यांत 14 लाख आले. पुढे काय होईल? ते चाळीस हजार आले होते तेव्हा काय झालं, ते आठवा. फ्रीज आला आणि पुढच्या आठवड्यात लावायची रक्कम वाढली असणार. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या संशोधकांनी 1990 मध्ये हेच दाखवलं होतं: जिंकलेला पैसा माणसाला आपल्या घामाचा वाटत नाही, म्हणून तो सैल हाताने लावला जातो, आणि तोट्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त भुलवतो तो डाव, जो त्याला एका झटक्यात बरोबरीला आणून सोडेल. म्हणजे जिंकले तर ‘आता हात बसला’ आणि हरले तर ‘आता भरून काढतो’. थांबायचं कारण दोन्हीकडे नाही.

धर्मराजाची गोष्ट आपण सगळे सांगतो ती द्रौपदी पणाला लावण्यापर्यंतच. तिच्यापुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. धृतराष्ट्राने सगळं परत दिलं होतं. राज्य, धन, भाऊ, सगळं. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते. वाटेतून पुन्हा बोलावणं आलं आणि युधिष्ठिर मागे फिरला, पुन्हा फाशांपुढे बसला. वनवास मिळाला तो या दुसऱ्या डावात. कर्ज फेडून दिल्याने खेळ सुटत नाही, हे आपल्याला फार जुनं ठाऊक आहे.

हा जुगार आहे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. शेअर बाजार म्हणजे मटका नव्हे. चांगल्या कंपनीचा शेअर घेऊन दहा वर्षं ठेवणारा किंवा महिन्याला एसआयपी भरणारा माणूस जुगारी नाही. ऑप्शनचाही मूळ उपयोग धोका कमी करण्याचा आहे. ज्याच्याकडे बरेच शेअर आहेत तो पडझडीच्या भीतीने पुट, म्हणजे भाव पडला तरी ठरलेल्या भावाने विकायचा हक्क, घेऊन ठेवतो. पण मटक्याचा जन्म कुठला, हे यजमानांना एकदा सांगा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडणारे आणि बंद होणारे भाव मुंबईत तारेने यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा आकडा काढायची दुसरी सोय शोधावी लागली. 1962 मध्ये कल्याणजी भगतचा मटका सुरू झाला, मग रतन खत्रीचा. बाजाराच्या भावावर पैज लावणं हेच मटक्याचं मूळ. सासरे आणि यजमान एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत.

आणि अभ्यासाचं म्हणाल, तर अभ्यास सासऱ्यांच्या पिढीनेही केलाच. मटका खेळणारी माणसं मागच्या कित्येक महिन्यांच्या निकालांचे पॅनेल चार्ट पुढ्यात घेऊन तासन् तास बसतात, पेन्सिलने जोड्या जुळवतात, ‘मंगळवारी असं आलं की शुक्रवारी तसं येतं’ असे नियम काढतात. यजमानांच्या मोबाइलवर पेन्सिलच्या जागी भावाच्या आलेखातल्या हिरव्या-लाल कॅन्डल आहेत. हे मी त्यांना हिणवायला लिहीत नाही. स्वतः काहीतरी निवडलं, मेहनत घेतली, की निकालावर आपला हात आहे असं मनाला वाटायला लागतं. शिकलेल्यालाही आणि अडाण्यालाही. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी 1975 मध्ये एका लॉटरीचं एक-एक डॉलरचं तिकीट ऑफिसातल्या लोकांना विकलं. काहींना तिकीट नुसतं हातात दिलं, काहींना आपलं आपण निवडू दिलं. नंतर तेच परत विकत मागितलं तेव्हा नुसतं दिलेल्यांनी सरासरी 1.96 डॉलर मागितले आणि स्वतः निवडलेल्यांनी 8.67. जिंकण्याची शक्यता दोघांची सारखीच होती.

त्यातून यजमानांची सुरुवात 2020 मधली. मार्चमध्ये बाजार कोसळला होता आणि पुढच्या वर्षभरात निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक जवळजवळ दुप्पट झाला. त्या वर्षी डोळे मिटून शेअर घेतलेल्यालाही पैसे मिळाले. पण मिळालेल्या पैशाचं श्रेय माणूस बाजाराला कशाला देईल? तो म्हणतो, मला जमतंय. नंतर जातात तेव्हा मात्र कुणा बड्या ऑपरेटरने भाव पाडला, बातमी वाईट आली, टेलिग्रामवरच्या टिप देणाऱ्याने फसवलं. सगळ्या सट्ट्यांत पहिला मोठा फायदा फार महाग पडतो. तुमच्या घरचा तो चाळीस हजारांचा गुरुवार 14 लाखांना पडला.

जमतंय की नाही हे सांगायला शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचे आकडे पुरेसे आहेत. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनच्या सौद्यांत, उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य माणसांपैकी 93 टक्के तोट्यात होती, आणि सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. खर्च वजा जाता लाखाच्या वर कमावलेले जेमतेम 1 टक्का. त्यानंतर नियम कडक केले, तरी 2024-25 मध्येही 91 टक्क्यांच्या आसपास माणसं तोट्यातच राहिली. समोर बसलेलं कोण, तर मोठ्या संस्था आणि त्यांची कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रणा. यजमानांनी कारखान्यातून मोबाइलवर बघून सौदा टाकेपर्यंत तिथे हजारो सौदे होऊन गेलेले असतात. मला या अहवालातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटली: तोट्यात गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक लागोपाठ तोटा होऊनही खेळतच राहिले. तुमचं घर एकटं नाही.

यजमान अकाउंटंट आहेत. कारखान्याच्या हिशेबात शंभर रुपये जुळले नाहीत तर रात्री उशिरापर्यंत थांबत असतील. पण पहिल्या दिवसापासूनचा स्वतःचा नफा-तोटा त्यांनी एकदाही कागदावर मांडलेला नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे. (या सदरात असं म्हणणं शोभत नाही, तरी.)

ताबा का राहत नाही, हे कळायला एक्स्पायरीचा, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते तो, दिवस जवळून बघावा लागेल. पूर्वी निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारी असायची, सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी असते. त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला चालू आकड्यापासून लांबच्या भावाचा एखादा कॉल, म्हणजे निफ्टी वर गेला तर फायदा देणारा ऑप्शन, आठ रुपयांना मिळत असतो. एक लॉट, म्हणजे ठरलेला गठ्ठा, घ्यायला हजार रुपयेही लागत नाहीत. साडेतीनला बाजार बंद होताना तो शून्य होणार हे जवळपास ठरलेलं असतं. पण निफ्टीने शेवटच्या अर्ध्या तासात उसळी घेतली तर आठाचे साठ होतात. याला ट्रेडर मंडळी ‘हिरो-झिरो’ म्हणतात, आणि बोलतात ते हसत हसतच. दर दोन सेकंदांनी भाव हलतो. आठ, अकरा, सात, चौदा. चौदाला विकायचं होतं, ‘थोडं अजून’ म्हणून थांबले, शून्य झालं. मग डोक्यात काय राहतं? ‘माझे गेले’ हे नाही राहत. ‘चौदाला होता’ हे राहतं. संशोधकांनी मेंदूचे स्कॅन काढून पाहिलं आहे: थोडक्यात हुकलेला डाव म्हणजे हरलेलाच डाव, पण मेंदूचे जे भाग जिंकल्यावर जागे होतात त्यातले काही हुकल्यावरही जागे होतात, आणि पुन्हा खेळायची इच्छा वाढते. त्यात बक्षीस कधी मिळेल याचा नेम नाही. ठरावीक वेळी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय लवकर सुटते; अवचित मिळणाऱ्याची सुटता सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून केव्हाच दाखवलं आहे.

म्हणून ‘सरळ माणूस’ असण्याचा आणि याचा फारसा संबंध नाही. चिकाटी, आकड्यांची आवड, हार न मानणं हे एरवीचे गुण इथे माणसाला आणखी खोल नेतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये जुगाराचा विकार दारू आणि ड्रग्जच्या पंगतीत नेऊन बसवला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आजार म्हणून आहे. डॉक्टर पैसे किती गेले हे बघत नाहीत; लपवाछपवी, वाढत जाणाऱ्या रकमा, थांबायचे फसलेले प्रयत्न, गेलेलं परत मिळवायला पुन्हा खेळणं हे बघतात. तुमच्या पत्रात हे सगळं आहे. घरात वडिलांना असं व्यसन असेल तर मुलालाही धोका जास्त असतो. तो रक्तातून किती आणि घरातून किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

इथे मला यजमानांबद्दल थोडी काळजी आणि थोडी माया वाटते. ज्या मुलाने आईला गिरणीच्या फाटकाशी उभं राहिलेलं पाहिलं, त्याने ‘मी बाबांसारखा होणार नाही’ हे आयुष्यभर जपलं असणार. आज ‘मी जुगार खेळतो’ असं कबूल करायचं म्हणजे त्याला तेच मोडावं लागेल. 14 लाख भरून निघाले की तो जुगार नव्हता असं ठरतं, निदान स्वतःपुरतं. सोनं हवंय ते यासाठीही. ‘तुम्ही अगदी तुमच्या वडिलांसारखे’ हे वाक्य भांडणात तुमच्या ओठांवर आलं असेल किंवा येईल. ते टाळा. त्याचा एकच परिणाम होईल, ते आणखी लपवतील.

आता काय करायचं. तुमच्यासारखी आणखी बरीच पत्रं माझ्याकडे आहेत, रमीची, क्रिकेटवर टीम लावण्याची. त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पण परदेशातून चालणारी ॲप आणि टेलिग्रामचे ग्रुप आहेतच. ॲप बंद झालं म्हणजे ओढ बंद झाली असं समजू नका. आणखी एक, थोडं बाजूचं: घरातल्या वयस्कर माणसाने पार्किन्सनसाठी प्रॅमिपेक्सॉल किंवा रोपिनिरोलसारखं औषध सुरू केल्यावर एकाएकी लॉटरी, सट्टा चालू झाला असेल, तर औषध आपल्या मनाने थांबवू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा. या औषधांचा तो माहीत असलेला दुष्परिणाम आहे.

ताई, सोनं आधी बँकेत, फक्त तुमच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवा. ते स्त्रीधन आहे आणि त्यावर नवऱ्याची मालकी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. मनाविरुद्ध घेतलं किंवा त्यासाठी त्रास दिला, तर तो 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ ठरू शकतो. हे यजमानांना धमकी म्हणून ऐकवायची गरज नाही; तुम्हाला ठाऊक असलेलं पुरे. शिक्षक सोसायटीतून त्यांच्यासाठी कर्ज काढू नका आणि त्यांच्या कुठल्याही कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करू नका. सही नसेल तर त्यांचं वैयक्तिक कर्ज सहसा तुमच्यावर येत नाही.

मग हिशेब. एखादा रविवार धरा, मुलाला मामाकडे पाठवा. ब्रोकरकडून पहिल्या वर्षापासूनची नफा-तोट्याची विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंट आणि सिबिल रिपोर्ट असं तिन्ही काढायला सांगा. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि त्यात नोंदणीकृत कंपन्यांकडून घेतलेली कर्जं दिसतात, ॲपवरचीही. 14 चा आकडा वाढलेला निघेल, अशी मनाची तयारी ठेवा. लपवलेला थोडा तरी भाग जवळजवळ नेहमीच निघतो. त्या दिवशी ओरडायचं नाही, एवढं आधी ठरवून बसा. तुम्ही काय बोलावं असं मला विचाराल तर इतकंच: ‘गेले ते गेले असं मी धरलंय. ते परत आणायची जबाबदारी तुमच्यावर नाही. पगारातून फेडू, सात वर्षं लागली तरी. पण सोनं मिळणार नाही आणि हे खातं चालू राहणार नाही.’ तोटा मनाने स्वीकारायला त्यांना जमत नाहीये. घरातल्या दुसऱ्या माणसाने तो आधी स्वीकारला तर वाट थोडी सोपी होते. तुम्हाला राग येणार नाही असं नाही. आलाच पाहिजे. फक्त त्या टेबलावर नको.

तोट्याची नोंद आयकर विवरणपत्रात वेळेत केली असेल तर तो पुढे आठ वर्षं धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो, पगारातून नाही. पण ‘तो तोटा वसूल करायला नफा हवा’ असा युक्तिवाद यातून निघतो आणि मी तो ऐकला आहे. त्याला भुलू नका.

खातं बंद करणं म्हणजे ॲप काढून टाकणं नव्हे. ब्रोकरला कळवून एफ अँड ओ सेगमेंट बंद करून घ्यायचा. काही ब्रोकर ‘किल स्विच’ देतात, पण तो काही तासांपुरता. वेळ टळते, सवय नाही. पगार ज्या खात्यात येतो त्यातून घरखर्च आणि हप्ते त्याच दिवशी तुमच्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला द्या. हातखर्चाला ठरलेली रक्कम. त्यांना हे अपमानाचं वाटेल. वर्षभरासाठी आहे, आणि दर महिन्याचा हिशेब तुम्हीही त्यांना दाखवणार आहात, असं सांगा. टेलिग्रामचे टिप्सचे ग्रुप त्यांनी स्वतःच्या हाताने सोडावेत. त्यांचा फोन लपून तपासत बसू नका. त्याने तुमचीच झोप जाईल.

भावाला सांगा की यापुढे यजमानांच्या हातात एक रुपयाही द्यायचा नाही. मदत करायचीच तर हप्ता थेट बँकेत भरावा, तोही तुम्हाला सांगून.

सासू-सासऱ्यांना सांगा. मला वाटतं, सासूबाईंना आधी. तक्रार म्हणून नव्हे. फाटकाशी उभं राहण्यापर्यंत त्या कशा आल्या आणि सासऱ्यांचा मटका शेवटी कशाने सुटला, किंवा सुटला का, हे विचारायला जा. या घरात या अनुभवाची माणसं दोन आहेत आणि दोघंही गप्प आहेत. सासऱ्यांना बोलावंसं वाटलं तर मुलाशी त्यांनी एकट्याने बोलावं, तुमच्यासमोर नको. मात्र हे सगळं यजमानांना आधी कळवून करा. त्यांच्या पाठीमागे केलंत तर ती फितुरी वाटेल.

आणि डॉक्टर. शपथेवर भिस्त ठेवू नका, ती एकदा झाली आहे. मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि फोन फक्त रुग्णानेच करावा असं नाही, तुम्हीही करू शकता. व्यसनमुक्तीचं काम करणारी पुण्याची मुक्तांगणसारखी संस्थाही आहे. उपचारात बोलणं असतं, विचारांच्या सवयी बदलणं असतं. जोडीला नैराश्य किंवा झोपेची तक्रार असेल तर औषधं. कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचा विचार येऊ शकतो. ‘असं काही मनात येतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यजमान पुन्हा एखाद्या मंगळवारी खेळतील, ही शक्यता धरून ठेवा. अशा वेळी सगळं फुकट गेलं असं समजून तुम्ही हात टेकू नका, आणि त्यांनी ते तीन महिने लपवायचं नाही एवढं आधीच ठरवून घ्या: त्या रात्रीच सांगायचं, आकड्यासकट. पुढची अपॉइंटमेंट लवकर घ्यायची. पहिल्या भेटीला मात्र तुम्ही दोघं जा, आणि रविवारी काढलेले ते कागद सोबत न्या. डॉक्टरांना तोंडी सांगताना यजमान आकडा कमीच सांगतील.